काचीगुडा ते मनमाड : एकाच रुळावरची सव्वाशे वर्षे

नारायणगुड्यातून काचीगुडा स्टेशन पायी गेले तरी अर्ध्या तासाच्या आत येते. सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा या पट्ट्यात आपली मराठी घरे का वसली, याची अनेक कारणे सांगतात. कोणी विवेकवर्धिनीचे नाव घेतो, कोणी निजाम सरकारातल्या नोकऱ्यांचे, कोणी हायकोर्टाचे. यात आम्ही एक कारण आणखी घालतो : काचीगुडा स्टेशन. परभणी, नांदेड, जालना, सेलू, औरंगाबाद इथून येणारा माणूस ज्या फलाटावर उतरायचा, तिथून सामान डोक्यावर घेऊन चालत जाता येईल एवढ्या अंतरावर त्याने बिऱ्हाड केले. पुढे मुले झाली, नातवंडे झाली, गावाकडचे घर चुलत्याकडे राहिले आणि आपण हैदराबादकर झालो. गावाशी धागा उरला तो त्या रुळाचा.

गणपतीला आणि दिवाळीला गावी जाण्याची तिकिटे हा आपल्या घरांतला दरवर्षीचा विषय आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते. तेव्हापासून आपल्याकडे चतुर्थीची तारीख बघितली की लगेच मागे साठ दिवस मोजतात. सकाळी आठ वाजता घरातले तीन मोबाइल एकदम चालू, आणि पाच मिनिटांत ‘प्रतीक्षा यादी’. मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद झाली (पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के होती), ती अजून परत आलेली नाही. तक्रारी करायला बसलो तर स्मरणिकेची पाने पुरणार नाहीत. पण ही अडचण आजची नाही. ती कुठून सुरू झाली, हे आपल्याच शहराच्या इतिहासात नीट सापडते, म्हणून हा लेखाचा खटाटोप.

हैदराबादला रेल्वे आली ती १८७४ साली. मुंबई-मद्रास लाईनवरच्या वाडीपासून सिकंदराबादपर्यंत सुमारे १२० मैलांचा फाटा ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. दिवाण होते पहिले सालारजंग. पैसा निजाम सरकारचा, रूळ ब्रॉडगेज, आणि गाड्या चालवायला सुरुवातीला जी.आय.पी. कंपनी. इंग्रजांना सिकंदराबादच्या छावणीपर्यंत फौज न्यायला लाईन हवी होती. खर्च मात्र हैदराबादच्या खजिन्याने सोसला. लाईनला सुरुवातीची वर्षे धंदा बेताचाच होता.

मग १८८३ साल. फेब्रुवारीत सालारजंग वारले. त्याच वर्षी लंडनमध्ये एक कंपनी नोंदली गेली, ‘निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे’. नावातला ‘गॅरंटीड’ हा शब्द महत्त्वाचा. कंपनीच्या भांडवलावर निजाम सरकारने वीस वर्षे ५ टक्के व्याजाची हमी दिली. गाड्या भरून चालल्या तर नफा कंपनीला. रिकाम्या चालल्या तर तूट हैदराबादच्या रयतेने भरायची. जुनी लाईन या कंपनीकडे गेली आणि पुढे वरंगळवरून बेझवाड्यापर्यंत व चांद्यापर्यंत रूळ टाकायचे ठरले. चांदा म्हणजे आपले चंद्रपूर.

या व्यवहाराविरुद्ध हैदराबादेत आवाज उठला, तो आपल्याला अभिमान वाटावा असा आहे. अघोरनाथ चट्टोपाध्याय हे इथल्या कॉलेजचे प्राचार्य, सरोजिनी नायडूंचे वडील. त्यांनी, मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मागणी केली की करारातल्या अटी लोकांपुढे मांडा, रयतेच्या डोक्यावर किती बोजा पडणार ते सांगा. आज माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतो, तशीच ही मागणी. उत्तर म्हणून अघोरनाथांना नोकरीवरून काढून संस्थानाबाहेर घालवले गेले. पुढे त्यांना परत घेतले, पण करार झाला तो झालाच. ‘चांदा रेल्वे प्रकरण’ म्हणून हे ओळखले जाते, आणि हैदराबाद संस्थानातल्या सार्वजनिक चळवळीची सुरुवात पुष्कळ जण इथूनच मोजतात. रेल्वेत पैसा कोणाचा, फायदा कोणाचा, हा प्रश्न आपल्या शहराने जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वी विचारला होता.

गंमत अशी की बेझवाड्याची लाईन १८८९ पर्यंत पोचली, पण ज्या चांद्याच्या नावाने एवढे रामायण झाले तिथे काझीपेठ-बल्लारशाह मार्गाने रूळ जोडले गेले ते १९२९ च्या सुमारास. पंचेचाळीस वर्षे! रखडलेल्या कामांचा शोध स्वतंत्र भारतात लागला असे कोणी म्हणू नये.

आता आपल्या लाईनकडे येऊ. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असे तिचे नाव. हैदराबादपासून निजामाबाद, नांदेड, पूर्णा, परभणी, जालना, औरंगाबाद करत मनमाडपर्यंत, सुमारे ३९० मैल. १८९९ ते १९०१ या काळात ती तुकड्यातुकड्याने उघडली. नेमका तोच छप्पन्याच्या दुष्काळाचा काळ. कापूस मुंबईला जाईल आणि दुष्काळात धान्य आत येईल, असे दोन्ही हिशेब या लाईनमागे होते. पण खर्च वाचवायला रूळ टाकले मीटरगेजचे. ब्रॉडगेजची रुंदी साडेपाच फूट, मीटरगेजची सव्वातीन फुटांच्या जरा वर. पूल हलके, इंजिन हलके, वळणे तीव्र चालतात, सगळे स्वस्तात होते. आम्ही डिप्लोमाला असताना मास्तर सांगत, की पहिल्या दिवशी वाचवलेला पैसा पुढच्या पिढ्या दुरुस्तीत भरतात. या लाईनचे तसेच झाले. मनमाडला जी.आय.पी.ची ब्रॉडगेज, त्यामुळे जालन्या-परभणीची प्रत्येक कापसाची गाठ तिथे एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायची. माणसेही तशीच : मध्यरात्री मुले झोपेतून उठवा, ट्रंका मोजा, पूल चढा, मुंबईची गाडी पकडा. मनमाड हे नाव जुन्या बायकांच्या तोंडी कधी सरळ आले नाही, नेहमी कपाळाला आठी घालूनच.

तरीही ही लाईन आली आणि मराठवाडा हैदराबादला जोडला गेला. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे. मराठवाड्यातल्या मुलाला विद्यापीठाची पदवी घ्यायची तर संस्थानात हीच जागा. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झाले ते १९५८ साली. चार दशके मुले पत्र्याची पेटी घेऊन याच लाईनने काचीगुड्याला उतरली. १९०७ ची विवेकवर्धिनी, १९२२ चे मराठी ग्रंथसंग्रहालय, आणि आपल्या नारायणगुड्यातली केशवराव कोरटकरांच्या नावाची केशव मेमोरियल शाळा, या सगळ्यांत या लाईनने आलेली माणसे आहेत. काचीगुड्याची आज दिसते ती देखणी इमारत १९१६ ची, मीर उस्मान अली खानांच्या काळातली. घुमट, कमानी, मनोरे. वाड्यासारखे स्टेशन बांधायला पैसा होता, रूळ मात्र अरुंदच राहिले, असे म्हणायचा मोह होतो. पण इमारत सुंदर आहे यात वाद नाही, आणि मुलांना ती एकदा सावकाश दाखवावी.

पुढे १ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. त्यानंतरचा काळ आम्हाला सगळ्यात जास्त शिकण्यासारखा वाटतो. पूर्णा-हिंगोली फाटा आधीच, १९१२ ला झाला होता. विकाराबादहून बिदरकडे आणि पुढे परळीपर्यंत ब्रॉडगेज याच सुमारास गेली, मुदखेडहून आदिलाबादकडे मीटरगेज गेली. आणि १९३२ मध्ये रेल्वेनेच बस सुरू केल्या : २७ गाड्या, १६६ कर्मचारी. रेल्वे आणि बस एकाच मंडळाच्या हाती, म्हणजे गाडी उशिरा आली तर बस थांबेल अशी निदान सोय तरी. आज आपण ज्या आर.टी.सी.ने फिरतो तिची ही आजी. बसच्या नंबरातला ‘झेड’ निजामाच्या आईच्या, झहरा बेगमच्या नावाचा, असे इथे सांगतात. संस्थानी राज्याचे दोष आपण सोसले आहेत, रझाकारीच्या कहाण्या प्रत्येक घरात आहेत, त्या विसरून कौतुक करायचे नाही. पण सरकारी रेल्वेने कमावलेला पैसा त्याच मुलखात रूळ आणि रस्ते यांवर परत जात होता, एवढे मान्य करावे लागेल.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र पालटले. १ एप्रिल १९५० ला निजाम स्टेट रेल्वे भारत सरकारकडे आली, नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वेत विलीन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण हैदराबादेत राहिलो. घरे दुभंगली नाहीत, पण सरकारे दोन झाली. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे निघाली, मुख्यालय सिकंदराबाद. मराठवाड्याची लाईन या नव्या खात्यात आली. मुंबईला ती परकी, आणि सिकंदराबादच्या नकाशावर ती वरच्या डाव्या कोपऱ्यात. दोन सुनांच्या घरातल्या सासूसारखी तिची गत : दोघीही म्हणणार, तिकडे जेवल्या असतील.

चाळीस वर्षे रूळ तसेच राहिले. देशभर ब्रॉडगेजवर इंजिने, वॅगनी, वेग वाढत गेले, आणि आपली अजिंठा एक्सप्रेस मीटरगेजवरच काचीगुडा-मनमाड धावत राहिली. तिच्याबद्दल जुन्या मंडळींना अजून माया आहे. संध्याकाळी डबे घेऊन बसायचे, सकाळी मनमाड. काचीगुड्याहून मीटरगेजने अकोला, खांडवा, अजमेरकरून थेट जयपूरपर्यंत मीनाक्षी एक्सप्रेस जायची, हेही आता कोणाला सांगितले तर खरे वाटत नाही.

मराठवाड्यात रुंदीकरणाची मागणी जुनी. गोविंदभाई श्रॉफांसारख्या स्वातंत्र्यसैनिकांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. १९७४ च्या विकास आंदोलनापासून रेल्वेचे रुंदीकरण हा शब्द तिथल्या शाळकरी मुलांनाही पाठ होता. अखेर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मनमाडकडून ब्रॉडगेज पुढे सरकू लागली. १९९२ पासून देशभर एकच गेज करण्याचे धोरण आले. तेव्हा पंतप्रधान होते पी. व्ही. नरसिंह राव. ‘पण लक्षात कोण घेतो’ तेलुगूत नेणारा, रामटेकहून खासदार झालेला माणूस! आपली लाईन रुंद होणे यात त्यांचा वाटा किती, हे मोजता येत नाही, पण मराठी कळणारा पंतप्रधान असताना ते घडले, याचे समाधान हैदराबादच्या मराठी माणसाला नक्की आहे.

रुंदीकरण तुकड्यातुकड्याने झाले, त्या काळात ज्यांनी प्रवास केला त्यांना सांगायला नको. मनमाडची ट्रंका उतरवण्याची जागा फक्त पुढे पुढे सरकत गेली. शेवटी देवगिरी एक्सप्रेसने झोपून मुंबईला जाता येऊ लागले, आणि मनमाडची कपाळावरची आठी गेली. उलट एक वाट तुटली. अकोल्याच्या पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणारा तुकडा अडला, आणि जयपूरची जुनी वाट आजतागायत जोडली गेली नाही. वाघाचा हक्क मोठा, हे मान्य. पण वळसा घालून लाईन नेण्याला इतकी वर्षे का लागावीत, हा प्रश्न वाघाला विचारण्यासारखा नाही.

रूळ रुंद झाले, पण एकच राहिला, आणि आजच्या सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. एकेरी लाईनवर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असू शकते, कोणत्याही दिशेची. समोरून दुसरी येत असेल तर एकीने स्टेशनच्या बाजूच्या लाईनवर उभे राहायचे. पूर्वी यासाठी ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा, म्हणजे टोकन, द्यायचे. वेताच्या मोठ्या कड्यात अडकवलेले टोकन धावत्या इंजिनातून झेलणारा माणूस आपण लहानपणी तोंड उघडे टाकून पाहिला आहे. आता ते काम विजेच्या यंत्रणेने होते, पण गणित तेच. गाडी कितीही वेगवान आणा, समोरची निघून जाईपर्यंत तिला उभे राहावेच लागते. एक गाडी वीस मिनिटे चुकली की तिच्यामुळे थांबलेली दुसरी, तिच्यामुळे तिसरी, असा उशीर रात्रभर स्टेशनामागून स्टेशन वाढत जातो. एका रात्री एका आडस्टेशनावर आमची गाडी अशीच उभी राहिली. डब्यातल्या एका आजींनी विचारले, ‘स्टेशन आले का?’ कोणीतरी म्हणाले, ‘नाही आजी, समोरची गाडी यायची आहे.’ आजी म्हणाल्या, ‘मग मला उठवू नका, ती आपल्यापेक्षा लांबून येतेय.’

आता गाड्यांचे बघा. ३० डिसेंबर २०२३ ला जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती नांदेडपर्यंत वाढली. आनंद आहे. विजेच्या तारा आल्या, दिवसा मुंबई गाठता येते. पण एकेरी लाईनवर मानाच्या गाडीला वाट द्यायला कोणाला तरी बाजूला उभे राहावे लागते, आणि उभी राहते ती पॅसेंजर. तिच्यात बसलेला माणूस सेलूच्या बाजाराला निघालेला असतो, त्याचे उद्घाटनात भाषण नसते. नवी गाडी एका दिवसात झेंडा दाखवून सुरू करता येते. दुसरा रूळ टाकायला जमीन, पूल, माती, खडी आणि दहा वर्षे लागतात, आणि त्याच्या फोटोला हार घालता येत नाही.

आम्ही सरकारी नोकरीत आहोत, त्यामुळे मंजुरी आणि तरतूद यांतला फरक आम्हाला पोटातून कळतो. मंजुरी म्हणजे कागदावर होकार. तरतूद म्हणजे या मार्चपर्यंत खर्चायला मिळणारा खरा पैसा. काम मंजूर करायचे आणि वर्षाला चिमूटभर तरतूद ठेवायची, म्हणजे कामही जिवंत आणि पैसाही शाबूत. मग चार-पाच वर्षांनी दर वाढलेले, अंदाजपत्रक सुधारायचे, पुन्हा फाईल वर. नगर-बीड-परळी हे याचे ठसठशीत उदाहरण. २६१ किलोमीटरची ही लाईन १९९५ च्या सुमारास मंजूर झाली. आष्टीपर्यंत गाडी आली ती सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि बीड शहराला पहिली रेल्वे दिसली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी. काही शे कोटींचा अंदाज काही हजार कोटींवर गेला. महाराष्ट्र सरकार निम्मा वाटा उचलते, तरी तीस वर्षे. परळी अजून बाकी. वर्धा-यवतमाळ-नांदेडचे तेच : २८४ किलोमीटर, २००८ च्या आसपासची मंजुरी, २०२४ च्या फेब्रुवारीत गाडी कळंबपर्यंत. तेलंगणाही मागे नाही. पेद्दपल्ली-करीमनगर-निजामाबाद लाईनची पायाभरणी १९९३ ला, पूर्ण झाली २०१७ ला.

पूर्वी वर्षातून एक दिवस तरी संसदेत फक्त रेल्वेवर बोलणे व्हायचे. अ‍ॅकवर्थ समितीच्या शिफारशीनंतर १९२४ ला रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला, आणि २०१७ ला तो पुन्हा मुख्य अर्थसंकल्पात मिसळला. लहानपणी घरात रेडिओभोवती बसून ‘आपल्याला कोणती गाडी मिळाली’ ऐकायचो. त्या भाषणात फसवणूक पुष्कळ असायची, तरी मराठवाड्याचे नाव आले की नाही एवढे तरी त्याच दिवशी कळायचे.

कोकणाचे उदाहरण लोक देतात. मधु दंडवते, जॉर्ज फर्नांडिस, ई. श्रीधरन यांनी वेगळे महामंडळ काढून, रोखे विकून, आठ वर्षांत डोंगर फोडले आणि २६ जानेवारी १९९८ ला लाईन दिली. पण त्या कर्जाचे ओझेही महामंडळाने वाहिले, आणि तीही लाईन बहुतांश एकेरीच आहे. गणपतीला तिथेही काय हाल होतात ते कोकणातल्या पाहुण्यांना विचारा.

आता दुहेरीकरणाची स्थिती सांगतो, कारण सभेत प्रत्येक जण वेगळे सांगतो. परभणी ते मुदखेड, सुमारे ८१ किलोमीटर, २०२० च्या सुमारास दुहेरी झाले. मुदखेड ते मेडचल हा आपल्या बाजूचा तुकडा आणि महबूबनगर-धोन मिळून ४१७ किलोमीटरला केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी दिली. छत्रपती संभाजीनगर ते परभणी १७७ किलोमीटरला ३१ जुलै २०२५ ला मिळाली. त्यापलीकडचे मनमाडजवळच्या अंकाईपर्यंतचे काम त्याआधी मंजूर आहे. म्हणजे कागदावर संपूर्ण लाईन दुहेरी आहे! तरतूद दरवर्षी नीट राहिली तर आमच्या पिढीला दोन रुळांवरून गावी जायला मिळेल. वाडीची लाईन १८७४ ची, ती कधीच दुहेरी झाली. पंचवीस वर्षांनी धाकटी असलेली बहीण मात्र अजून एकेरीच.

यातच नांदेड विभागाचा वाद आहे. १ एप्रिल २००३ ला हैदराबाद विभागातून नांदेड वेगळा झाला. तो दक्षिण मध्य रेल्वेतून काढून मध्य रेल्वेला जोडावा, अशी मराठवाड्यात जोरदार मागणी आहे. मुंबईकडे गेल्यावर वजन वाढेल, असे तिकडचे नातेवाईक सांगतात. आम्हाला तसे वाटत नाही. सोलापूर विभाग १९७७ ला मध्य रेल्वेत परत गेला; मुंबईच्या लोकलच्या गर्दीपुढे तिथे मोठा आवाज करणे सोपे झाले असे दिसत नाही. उलट विशाखापट्टणमचे नवे दक्षिण तटीय रेल्वे क्षेत्र झाले की विजयवाडा, गुंटूर, गुंटकल तिकडे जाणार, आणि सिकंदराबादकडे हैदराबाद, सिकंदराबाद आणि नांदेड एवढेच विभाग राहणार. सहातला एक होता तो तिघांतला एक होईल. शिवाय आपला स्वार्थही उघड सांगतो : नांदेड मुंबईकडे गेले, तर काचीगुड्याहून सुटणाऱ्या गाड्यांची काळजी नांदेडने कशाला करावी? हैदराबादच्या मराठी माणसाला दोन्ही टोके एका घरात हवी आहेत. औरंगाबादच्या आमच्या मामांशी या मुद्द्यावर दर दिवाळीत भांडण होते आणि दोघेही प्रतीक्षा यादीवरच परततो.

नारायणगुड्याला ७ फेब्रुवारी २०२० पासून मेट्रो आहे. जुबिली बस स्टेशनपासून महात्मा गांधी बस स्टेशनपर्यंत सोळा मिनिटांत, दोन्ही दिशांना स्वतंत्र रूळ, कोणी कोणासाठी थांबत नाही. मंडळाच्या कार्यालयात मुदखेड-मेडचल दुहेरीकरणासाठी खासदारांना द्यायच्या निवेदनावर सह्या घेणे चालू आहे. त्यात मागणी एकच लिहिली आहे : दरवर्षी किती तरतूद, किती खर्च आणि किती किलोमीटर, याचा फलक काचीगुडा स्टेशनवर लावावा. आरतीला येणाऱ्यांनी सही करून जावी. मागच्या पिढीतल्या ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्याकडे कागद घरी पाठवू.